डोळे तुमचे, हात माझे

"हात धरा इथं, मालकीणबाई. काचेला चिकटवू नका, नुसता शेजारी. आता सांगा, तुमचा हात आणि आजींचा गाल, जुळतात का?"

संगणक दुरुस्त करायला आलेल्या उस्तादांनी सांगितलं तसा मी हात धरला. पडद्यावर त्साओ आजींचा चेहरा होता. देवळामागच्या गल्लीत चाळीस वर्षं माशांची पेज विकून त्या आदल्या दिवशी गेल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोटो फुलांच्या मधोमध लागायचा होता. माझ्या पडद्यावर आजी ठणठणीत दिसत होत्या, कागदावर मात्र कावीळ झाल्यासारख्या उतरत होत्या. त्यांच्या थोरल्या मुलानं पहिला फोटो परत आणून टेबलावर ठेवला होता. "आमची आई अशी पिवळी नव्हती हो. जमत नसेल तर सांगा, दुसरीकडे जातो."

तैवानमधल्या ताइनान शहरात मी गेलेल्या माणसांचे फोटो करते. बाबा हेच काम ब्रशनं करायचे, मी संगणकावर. जुना, चुरगळलेला, कुणाच्या तरी लग्नातला फोटो आणतात आणि म्हणतात, यातून आमचा माणूस काढून द्या. त्या आठवड्यात माझ्या संगणकानं, मला न विचारता, पडद्याचा ड्रायव्हर बदलला होता. संगणकाचं म्हणणं पडद्याला समजावून सांगणारा तो प्रोग्रॅम. जुना मुकाट काम करायचा. नव्याला चित्रं झगझगीत करायची भारी हौस. त्यानं सगळं निळसर करून टाकलं आणि मी माझ्या नकळत पिवळा रंग वाढवत बसले.

यांग चि-खुन तेव्हा पहिल्यांदाच माझ्याकडे आले. सगळे त्यांना आ-खुन उस्ताद म्हणत. स्कूटरवर हिंडून लोकांचे संगणक दुरुस्त करणारा, पन्नाशीचा, खांदे पडलेला माणूस. त्यांनी नवा ड्रायव्हर उपटून जुना घातला, त्याची सगळी हौसमौज बंद केली आणि रंगांच्या सरकपट्ट्या उघडून बसले.

"आता?"

"अजून जरा निळं."

"आता?"

"आता लाली आली."

"कशी? लाजल्यासारखी, की प्यायल्यासारखी?"

"लाजल्यासारखी."

"मग दोनच घरं मागे."

तासभर हेच चाललं. शेवटी मी वैतागले. "उस्ताद, तुम्हीच बघून करा ना! मला काय सारखं विचारता?"

"फोटो कोण करणार? तुम्हीच ना? मग डोळे तुमचे, हात माझे."

मला ते पटलं. शिवाय माणूस कच्चा नव्हता. त्यांनी काळ्या-करड्या पट्ट्या पडद्यावर लावल्या तेव्हा मला जिथं नुसता अंधार दिसत होता, तिथं त्यांनी बोट ठेवलं. "इथं दोन पट्ट्या आहेत, एक नाही." खरंच दोन होत्या.

आजींचा फोटो छापून निघाला. थोरल्यानं तो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि बाहीनं नाक पुसलं. "आता उठून पेज ढवळायला जाईल म्हातारी," एवढंच म्हणाला. माझं दुकान त्या दिवशी वाचलं.

निघताना उस्तादांनी सगळे आकडे एका चिठ्ठीवर लिहून पडद्यामागे चिकटवले. मग पिशवीतून खाऊचं पाकीट काढलं. आमच्याकडे यंत्रावर हे पाकीट ठेवतातच. बँकेत ठेवतात, इस्पितळात ठेवतात. ते फोडायचं नाही, त्याची तारीख उलटू द्यायची नाही, आणि ते हिरवंच हवं. हिरवं असलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं.

"हे हिरवं ठेवतो हं," उस्ताद म्हणाले. "हलवू नका. पुढच्या वर्षी बदलून देईन."

पाकीट लालभडक होतं.

लाल ठेवतात ते प्रेम जुळावं म्हणून. मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची. हसू ओठांवर आलं, चावट माणसाला काहीतरी सुनवावं म्हणून तोंड उघडलं, आणि एकदम तासभराची प्रश्नोत्तरं आठवली. लाजल्यासारखी की प्यायल्यासारखी? या माणसाला लाल-हिरवं दिसतच नव्हतं. रंग न दिसणाऱ्याला रंग जुळवायला कोण बोलावणार? ही गोष्ट गल्लीत कळली असती, तर त्यांच्या पोटावर पाय आला असता.

मी तोंड मिटलं. "थांबा, चहा घेऊन जा," म्हणाले.

पाकीट तिथंच राहिलं. दरवर्षी उस्ताद यायचे, माझा हात पडद्याशी धरायला लावायचे, आकडे तपासायचे आणि जुनं लाल पाकीट काढून नवं लाल ठेवायचे. गिऱ्हाइकं मला चिडवायची. एकदा समोरचा उदबत्तीवाला लू आला आणि मोठ्यानं म्हणाला, "काय मालकीणबाई, लाल पाकीट? मिळाला का कुणी?" उस्ताद तेव्हा टेबलाखाली वायर खोचत होते.

"मीच मागवलंय लाल," मी घाईनं म्हणाले. "तुला काय करायचंय? तुझ्यासाठी नाही ठेवलेलं."

लू हसत गेला. उस्ताद टेबलाखालून जरा उशिरानंच बाहेर आले. गुडघे झटकले. "हात धरा," म्हणाले. पुढच्या वर्षीही त्यांनी लालच आणलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, ऐकू गेलं नसावं.

अशी तेरा वर्षं गेली. त्या वर्षांत माझ्याकडे एकही फोटो परत आला नाही.

गेल्या महिन्यात त्यांची बायको स्यो-लान दुकानात आली. दंडावर सुतकाचं कापड. हातात उस्तादांचा फोटो, सहलीतला, डोळे उन्हानं बारीक झालेले. आणि त्यांची कामाची पिशवी.

"सू-युनताई, रात्री झोपले ते उठलेच नाहीत. फोटो तुमच्याकडूनच करायचा, हे त्यांनी कधीचं सांगून ठेवलं होतं." मग तिनं पिशवीतून लाल पाकीट काढलं. "आणि हे तुमचं. या महिन्यात बदलायचं होतं ना?"

मी पाकीट हातात घेतलं.

"बाकी सगळ्यांची हिरवी," ती म्हणाली. "ती मीच आणून द्यायचे, त्यांना लाल-हिरवं कुठलं कळायला! तुमचं तेवढं ते वाटेतल्या एका दुकानातून स्वतः उचलायचे, हिरवं समजून. पण एक वर्षी घरी आले आणि म्हणाले, मालकीणबाईंचं लाल आहे, यापुढेही लालच घेणार. मी म्हटलं, अहो, यंत्रावर लाल कुठं ठेवतात? तर म्हणाले, त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे आणि त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांचं लालच राहू दे. दरवर्षी दुकानदाराला दोनदा विचारायचे, नक्की लालच आहे ना?"

उपकार मी केले असं मी तेरा वर्षं समजत होते. माझं दुकान तर त्यांच्या हातांवर उभं होतं.

फोटो पडद्यावर घेतला. ड्रायव्हर त्याच आठवड्यात पुन्हा आपणहून बदलला होता, उस्तादांचा चेहरा निळसर दिसत होता. मी जुना ड्रायव्हर घातला, हौसमौज बंद केली, पडद्यामागची चिठ्ठी काढून त्यांच्या अक्षरातले आकडे एकेक करून भरले. मग माझी खुर्ची स्यो-लानला दिली.

"वहिनी, यांचा रंग तुम्हांला ठाऊक. डोळे तुमचे, हात माझे. हात धरा इथं, काचेला चिकटवू नका."

तिनं हात त्यांच्या गालाशेजारी धरला.

"आता?"

"जरा लाल."

"आता?"

"हं. आता जुळलं."

मी आकडे चिठ्ठीवर लिहून घेतले. तिनं हात खाली घेतला नव्हता. बोटं आता काचेला टेकली होती. मी यंत्रावरचं जुनं पाकीट उचललं, नवं ठेवलं, आणि चहाचं पाणी ठेवायला आत गेले.