समुद्राकडे पाठ करून

मित्रांनो, बागेच्या कुंपणाला टेकून उभी असलेली ही पत्र्याची, एका चाकाची जुनी हातगाडी म्हणजे मी. जवळ या. गंज हाताला लागेल, पण धुतला की जातो.

एका छोट्या कारखान्यात जाड पत्रा ठोकून माझे पोट घडवले, नळ्या वाकवून दोन दांडे केले आणि पुढे जाडजूड रबरी चाक बसवले. तिथून मी थेट या समुद्राकाठच्या बागेत आले. माती, शेणखत, पाचोळा, कुंड्या, मी काय काय वाहिले नाही! माळीकाका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "इथलं प्रत्येक झाड हिच्यात बसून आलंय." ते ऐकले की माझे चाक जमिनीवर ठरत नसे.

मग प्लास्टिकची हिरवी दोनचाकी गाडी आली. हलकी आणि देखणी. मी कुंपणापाशी गेले. पावसाचे पाणी माझ्यात साचे, उन्हाळ्यात एक मांजर येऊन झोपे. चाकाच्या आसाने दोन वर्षांत तेलाचा थेंब पाहिला नव्हता.

परवा सुट्टीवर आलेले एक कुटुंब बाग पाहायला आले. आजी, त्यांची मुलगी, जावई आणि आठेक वर्षांची नात. कोणालाच घाई नव्हती. त्यांनी कमळांचे तळे पाहिले, सावलीत बसून डबा खाल्ला. आजी काठी टेकत एकेका झाडाची विचारपूस करत होत्या. दुपार कलल्यावर सगळे खालच्या फाटकाबाहेर पडले. तिथून वाळू सुरू होते आणि वाळूपलीकडे समुद्र. पाच पावलांतच आजींच्या गुडघ्यांनी हात टेकले.

"आई, इथूनच बघ ना," मुलगी म्हणाली. "किती छान दिसतोय."

"दिसायला काय, कॅलेंडरवरही दिसतो. सत्तर वर्षं लांबूनच बघितलाय. मला पाय बुडवायचेत. संध्याकाळी परतीची गाडी आहे, पुन्हा मला कोण आणतंय?"

नात फिरत फिरत फाटकालगत माझ्यापाशी आली. "काका, ही चालते का हो?"

माळीकाकांनी डोके खाजवले. "नवीची चाकं बारीक, ती वाळूत रुततील. हिचं जाड आहे खरं. पण मीच हिला कधीपासून हात लावला नाही."

"म्हणजे मला आता खतासारखं नेणार," आजी म्हणाल्या.

"खत फार मोलाचं असतं, आजी," माळीकाका म्हणाले.

"अहो, पण लोक काय म्हणतील?" जावई कुजबुजले.

"जावई कामाचा निघाला म्हणतील. धरा दांडे," आजींनी फर्मावले.

माळीकाकांनी आसाला तेल घातले, चाकात हवा भरली, माझ्यात गोणपाट अंथरले. आजी ऐसपैस बसल्या. जावयांनी मला जोरात ढकलले आणि चार हातांवर माझे चाक वाळूत खोल रुतले. त्यांनी पुन्हा जोर लावला, ते आणखी खाली गेले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"राहू द्या, उतरते मी," आजी म्हणाल्या. त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांचा आवाज पडला होता.

"थांबा, चूक माझी," माळीकाका धावत आले. "सांगायचं राहिलं. मऊ जमिनीत हिला ढकलायचं नसतं, ओढायचं असतं. ढकललं की चाक खाली घुसतं, ओढलं की वर येतं."

त्यांनी मला उलटे वळवले. एका दांड्याला जावई, दुसऱ्याला माळीकाका. चाक खरोखरच वर आले.

"अहो, पण माझी पाठ झाली समुद्राकडे. मला नुसती बागच दिसतेय."

"मी सांगते ना तुला," मागून चालणारी नात म्हणाली. "आता शिंपले लागले. आता ओली वाळू. आजी, आता फेस आला."

ओल्या वाळूवर मी अशी पळाले की ओढणाऱ्यांनाच धाप लागली. पाण्यापाशी त्यांनी मला वळवले. मुलीचा हात धरून आजी उतरल्या. एक लाट आली आणि त्यांच्या घोट्यांवरून गेली.

"गार आहे," आजी म्हणाल्या. मग त्या पुढच्या लाटेची वाट बघत उभ्या राहिल्या, आणि कोणी त्यांना चला म्हटले नाही.

परत आल्यावर माळीकाकांनी मला गोड्या पाण्याने धुतले, कारण खारे पाणी लोखंडाला खाते. पुसताना मला म्हणाले, "चुकलंच माझं."

मित्रांनो, माझ्यात जोर होताच. थेंबभर तेल आणि थोडी हवा, एवढेच कमी पडत होते. तुमच्याही अडगळीत माझ्यासारखे कोणी असेल. टाकून देण्यापूर्वी एकदा त्याचे चाक फिरवून बघा. आणि घरातले म्हातारे माणूस 'राहू द्या' म्हणाले, तर इतक्या पटकन 'बरं' म्हणू नका.

आता मला निरोप द्या. फाटकापाशी एक अनोळखी आजोबा येऊन उभे आहेत. विजारीचे पाय त्यांनी आधीच वर दुमडले आहेत, आणि माळीकाका हवेचा पंप आणायला गेले आहेत.