बावीस बिऱ्हाडांची मोजणी

"मुकादम, जरा बाजूला या," किसनराव दबक्या आवाजात म्हणाले.

किसनराव शेजारच्या गावचे. तांड्याची पत्रं तेच वाचून देत. त्यांच्या हातात पोस्टकार्ड होतं. रूपसिंगनं काठी खाली ठेवली. समोर त्याची सून निर्मला सहा महिन्यांचं लेकरू मांडीवर घेऊन धुंडीला बसली होती. वर्षभरात जन्मलेल्या पोराच्या डोक्यावर होळीनंतर आडवी काठी धरायची आणि तांड्यातल्या गड्यांनी तिच्यावर काठ्या आपटत आशीर्वाद म्हणायचे, त्या गजरात आईनं पोराचे कान झाकायचे, अशी रीत. काठी मारणाऱ्यानं जेवल्याशिवाय उठायचं नाही. आणि पहिली होळी चुकली, की धुंड कायमची चुकली.

तांडा कामाला राहायचा त्या बंदराच्या शहरातून कार्ड आलं होतं, तिथल्या शेजारी ग्यानबाचं. सरकारी साहेबाची माणसं झोपड्या मोजून गेली होती. कुलूप दिसलं त्या दारावर फुली मारली होती. शनिवारपर्यंत बायकापोरांसकट हजर होणाऱ्यांचीच नावं यादीत चढणार होती, बाकीच्यांना खोली नाही.

रूपसिंगनं कार्ड आपल्या हातात घेतलं. नऊ वर्षं त्याच्या बावीस बिऱ्हाडांनी त्या शहरात खाडी बुजवली होती, खडी फोडली होती, गोदामांपर्यंत रुंद रस्ते नेले होते. आता झोपड्या हटवून चाळी उठणार होत्या आणि मोजलेल्या घराला नळाची खोली मिळणार होती. दर होळीला चार म्हातारी माणसं राखणीला मागं राहायची. यंदा त्यांनाही रूपसिंगनंच गाडीत बसवून आणलं होतं. त्याचा एकुलता मुलगा पावसाळ्यात तिथंच दगडाखाली गेला. हे लेकरू बापामागं जन्मलं. त्याच्या धुंडीला एकही माणूस कमी नको, असा त्यानं हट्ट धरला होता. मोजणी पाडव्यानंतर आहे, असं साहेबाचा कारकून म्हणाला, आणि या शहाण्यानं ते खरं मानलं!

"आज गुरवार," किसनराव म्हणाले. "दुपारची गाडी गाठायची तर आताच निघा लागंल. हिंगोली चार कोस."

चुलीवर साठ माणसांचा स्वयंपाक रटरटत होता. कार्ड खिशात घालून संध्याकाळी सांगितलं असतं, तर कुणाला कळलंही नसतं. रूपसिंगनं कार्ड हातातच ठेवलं. मग त्यानं साऱ्यांना हाक मारली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"चूक माझी हाय. उठा, गठुडी बांधा."

"आन् लेकराची धुंड?" जिवनबाईनं विचारलं. या म्हातारीला तो राखणीवरून ओढून घेऊन आला होता.

"काठी मारली तर जेवाया थांबा लागंल. मी हाय की."

"मुकादम, तुमी बी चला. तुमच्या दारावर बी फुली हाय."

"असू दे. माझ्यापायी समदे अडकले. आता माझ्यापायी कुणाची खोली जाऊ नये."

कुणी त्याला शिवी दिली नाही. त्याचंच त्याला जास्त लागलं. बायका अर्धं शिजलेलं तसंच सोडून उठल्या. घटकाभरात एकवीस बिऱ्हाडं नाल्याच्या वाटेनं दिसेनाशी झाली. चालताना जिवनबाई सारखी मागं वळून पाहत होती.

रूपसिंगची बायको रूपाबाई चुलीपासून उठून आली.

"काहून ऱ्हायलो आपण? खोलीत नळ व्हता म्हनं."

"व्हय," तो म्हणाला. "नळ व्हता."

तिनं आडव्या काठीचं एक टोक धरलं, दुसरं त्यानं डाव्या हातात घेतलं. उजव्या हातातली काठी तो त्या आडव्या काठीवर आपटू लागला. साऱ्या गड्यांनी मिळून म्हणायचे आशीर्वाद त्यानं पहिल्यापासून म्हणायला घेतले.

एका काठीचा आवाज तो कितीसा होणार! तरी निर्मलानं दोन्ही तळव्यांनी लेकराचे कान घट्ट झाकून धरले.