सतराव्या मजल्याचा माल

धोंडू परबाला त्या सकाळी चहासुद्धा सुचला नव्हता, इतका तो हरखला होता. आणि का हरखू नये? नायगावच्या त्यांच्या बीडीडी चाळीच्या जागी टॉवर उभा राहत होता, त्याच्या सतराव्या मजल्याचा स्लॅब आज भरायचा होता आणि लॉटरीत धोंडूचं घर निघालं होतं नेमकं सतराव्यावर. वीस वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या घरांचं काँक्रीट वाहिलं. आज स्वतःच्या मजल्याचा माल त्याच्या मिक्सर ट्रकच्या ड्रममध्ये फिरत होता. ही खेप त्यानं काँक्रीटच्या प्लँटवर चक्क भांडून मिळवली होती.

आणि शिवडीच्या गोदामांपाशी गाडीनं मान टाकली. समोर युरियाचा दिवा लागला आणि इंजिनाचा दमच गेला. हा युरिया म्हणजे नव्या गाड्यांच्या धुरातलं विष मारायला सायलेन्सरमध्ये फवारतात ते पाणी. ते पोचलं नाही की गाडी आपणहून जोर काढून घेते. नियम चांगला आहे हो, पण पुढं पुलाचा चढ आणि मागं भरलेला ड्रम असताना तो धोंडूला सांगायला कोणी जाऊ नये.

तेवढ्यात साइटवरून हितेंद्र इंजिनीयरचा फोन आला. माल सव्वानऊला भरलाय, सव्वाअकराच्या आत पोचला नाही तर परत पाठवणार आणि दुसऱ्या गाडीचा घेणार, असं त्यानं सरळ सांगितलं. घड्याळात सव्वादहा झाले होते. धोंडूनं तडक रुपालीला फोन लावला.

दहा मिनिटांत रुपाली स्कूटरवरून हजर. लालबागची पोर, बंद पडलेले ट्रक जागच्या जागी दुरुस्त करण्यात हातखंडा. आल्या आल्या तिनं इंजिन चालू ठेवायला सांगितलं, कारण इंजिन थांबलं तर ड्रमही थांबणार आणि माल आतच घट्ट होणार. मग ती गाडीखाली शिरली. याआधी दोनदा हाच दिवा लागला तेव्हा एक मेकॅनिक येऊन टाकीजवळ खाटखूट करून गेला होता. त्या शहाण्याला पंप सापडलाच नव्हता! या गाडीत पंप टाकीपाशी नसतोच. तो असतो चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, आतल्या अंगाला, पत्र्याच्या झाकणामागं, आणि या झाकणावर तर उडालेल्या सिमेंटचा बोटभर थर बसला होता. रुपालीनं तो खरवडला, झाकण काढलं आणि पंपावर तळवा ठेवला. चालू पंप हाताला घुमल्यासारखा लागतो. हा मढ्यासारखा गार. वायर तपासली तर करंट व्यवस्थित येत होता. मग नळीच्या तोंडाशी तिला पांढरे खडे दिसले, खडीसाखरेसारखे.

युरिया सुकून पंप जाम झालाय, ती म्हणाली. औषध एकच, गरम पाणी. धोंडू कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे असा धावला की चहावाला घाबरून उकळत्या पाण्याच्या दोन किटल्याच देऊन बसला. पंपावर फडकं गुंडाळून रुपालीनं दोन्ही किटल्या हळूहळू ओतल्या. खडे विरघळले.

आता चावी बंद करून दोन मिनिटांनी परत मारायची होती. तेवढ्यानं माल मरत नाही, आळत नाही, असा तिनं धीर दिला. धोंडूनं चावी फिरवली आणि त्याच झटक्यात सीटजवळचा बॅटरीचा मेन स्विचही खटकन पाडला.

रुपाली गाडीखालून बाहेर आली. "काका, आता काय बंद केलंत?"

मेन स्विच, धोंडू ऐटीत म्हणाला. उस्तादाची शिकवण होती, गाडी थांबली की आधी बॅटरी तोडायची. वीस वर्षांत एक वायर जळू दिली नव्हती त्यानं.

रुपालीनं कपाळाला हात लावला. "चावी बंद झाल्यावर हा पंप दोन मिनिटं चालतो, काका. नळ्यांत उरलेला युरिया टाकीत परत ओढतो. तुम्ही रोज त्याला मध्येच मारताय. मग उरलेलं सुकून त्याचे खडे होतात."

धोंडू पार ओशाळला. दोन महिने तो गाडीच्या कंपनीला शिव्या घालत होता, युरियावाल्याला भेसळखोर म्हणत होता. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय!

मेन स्विच चालू, चावी चालू. ड्रम फिरू लागला. रुपाली पुन्हा खाली, तळवा पंपावर, आणि खालूनच ओरडली, "घुमतोय!" थोड्या वेळानं दिवा विझला, इंजिनानं हुंकार दिला. धोंडूनं तो पूल असा चढवला की त्याचा त्यालाच विश्वास बसेना.

अकरा वाजून पाच मिनिटांनी तो साइटवर पोचला. हितेंद्रनं माल तपासून मान डोलावली आणि काय मोडलं होतं ते विचारलं. कंपनीवर ढकलणं सोपं होतं. "माझीच चूक होती, साहेब," धोंडू म्हणाला. माल पाइपातून वर जाऊ लागला.

गाडी रिकामी झाल्यावर त्यानं वरच्या मुकादमाला फोन करून आपला माल कुठं पडला ते विचारलं. मुकादमानं सांगितलं, लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये. घरांचा भाग आधीच्या गाड्यांनी केव्हाच भरला होता.

धोंडूचं तोंड एवढंसं झालं. एवढी धावाधाव आणि आपल्या घरात घमेलंभरही नाही. त्यानं बायकोला, लक्ष्मीला, फोन लावला आणि अडखळत सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "अहो, चाळीत आपण घरात कधी बसलो? पापड वाळवले दाराबाहेर, भांडलो दाराबाहेर, पोरं चालायला शिकली ती दाराबाहेर. घराची जमीन कोणीही भरू दे. दाराबाहेरची जागा तुम्ही भरलीत ना?"

साइटच्या फाटकात गाडी अडवून, भर उन्हात, धोंडू लहान पोरासारखा रडला, आणि मागचा मिक्सरवाला त्याच्या नावानं हॉर्न मारत राहिला.