आमच्या बाबांची शिकस्त

'चारबाग चौकडी' हा ब्लॉग सुरू झाला २००८ साली, आणि त्या चौकडीत होते लखनौच्या चारबाग भागातले, एकाच वर्गातले तिघंच: प्राची, सावनी आणि विक्रम. चौथं कुणी सापडेना, पण इतकं झकास नाव सोडवेना. शंभरावा वाचक आला त्या दिवशी तिघांनी शाळेबाहेर समोसे हाणले. शेवटचा समोसा संपल्यावर विक्रमने कबूल केलं, की त्यातले बरेचसे वाचक तो स्वतःच होता.

प्राचीला मात्र या ब्लॉगने तोंड उघडायला शिकवलं होतं. अकोल्याहून लखनौला आली तेव्हा तिच्या हिंदीला वर्ग खिदळायचा आणि ती मागच्या बाकावर मिटून बसायची. आता ती मराठी-हिंदी मिसळून लिहायला लागली की थांबायची नाही. परवा तर तिने चक्क बाबांवर लिहिलं. बँकेत नवे असताना बाबा साहेबांना छातीठोकपणे म्हणाले होते, "सर, हम पूरी शिकस्त करेंगे!" मराठीत शिकस्त म्हणजे जिवापाड प्रयत्न, हिंदीत म्हणजे पराभव. साहेब म्हणाले, "मेश्रामजी, अभी से?"

"अंकल को पता चला ना, तू गई," सावनी म्हणाली होती.

आणि त्याच पोस्टवर ब्लॉगची पहिलीवहिली कमेंट आली. खाली नाव नव्हतं.

'तुमची चेष्टा पाहिली. अशी शिक्षा सगळ्या मुलांना मिळाली पाहिजे. रविवारी घरी येऊन बाबांना सांगतो.'

प्राचीने कमेंट तीनदा वाचली. बाबा चिडले तर कॉम्प्युटर बंद, ब्लॉग बंद, पुन्हा मागचा बाक. आणि बाबांना वाईट वाटलं तर? ते तर त्याहून वाईट. तिने कमेंट उडवली, पोस्टही उडवली.

"यार, पोस्ट कहाँ गई?" सावनीने विचारलं.

"हँग झालं," प्राची पुटपुटली.

रविवारी बेल वाजली तेव्हा तिच्या हातातला पोह्यांचा चमचा खाली पडला. दारात राजरत्नदादा. बाबांच्या बँकेतला, घरचा मराठी पण जन्मापासून लखनौचा, हातात रेवड्यांचा पुडा आणि एक कागद.

"काका, प्राचीने काय चेष्टा केलीय! वाचा."

"चेष्टा? कोणाची वं प्राचे?" बाबांच्या भुवया चढल्या.

"कोणाची म्हणजे? तिचीच! चेष्टा... मतलब कोशिश," दादा गोंधळला. "घरात मराठीची एवढी शिक्षा, पढाई, सगळ्यांना कुठे मिळते? मी कमेंटमध्ये लिहिलं होतं. नाव टाकायचं राहिलं."

"शिक्षा म्हणजे शिक्षण? मी तर घाबरून पोस्टच उडवली!" प्राचीला हसू फुटणारच होतं. पण बाबांनी तोवर कागद उघडला होता. तिने उडवण्याआधीच दादाने छापून घेतलेली पोस्ट! ते वाचत गेले, त्यांचे कान लाल होत गेले.

"मेश्रामजी, अभी से?" बाबा हळूच वाचून म्हणाले, आणि चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. मग बोट कागदाच्या डोक्यावर ठेवलं. "चौकडी म्हणता, अन् नावं तीनच? चौथा मी. बस इथं, टाईप कर."

"काय लिहायचं?"

"एक पोरगी होती. शिक्षा शब्द वाचून ती..."

प्राचीने एक रेवडी तोंडात टाकली आणि कीबोर्ड पुढे ओढला. आता तिची फजिती सगळा वर्ग वाचणार होता.