चंद्राला जाणारी गाडी

झॅब्लॉन न्याकुंदींनी तीस वर्षं केनियातल्या किसीच्या स्टँडवर नैरोबीच्या वडापच्या गाड्या भरल्या. चौदा सीट भरल्याशिवाय त्यांची गाडी हलली नाही, आतले कितीही करवादले तरी. फेब्रुवारीत तिथंच चक्कर येऊन पडले. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजून बजावलं, महिनाभर स्टँडचं तोंड पाहायचं नाही. दाब एकशेचाळीसच्या खाली आला तर कामावर जायची चिठ्ठी, नाहीतर घरी बसा. त्यांच्या जागी मेव्हणा उभा होता आणि तो अर्ध्या रिकाम्या गाड्या सोडतो म्हणे. नुसतं ऐकूनच दाब चढायचा.

मुलगी बोसिबोरी शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. बाबांना मन शांत करणारा गेम द्यायचा तिनं ठरवलं, आणि तोही अंतराळातला, कारण तिथं स्टँड नसतो. पहिल्या गेममध्ये लढायाच फार. दुसऱ्यात नुसते तक्ते. बाबा म्हणाले, ही तर जमिनीची कचेरी झाली. तिसऱ्यात निळे ग्रह, संथ संगीत, शत्रू कुणी नाही. माणसं यानात बसवायची, चंद्रावर पाठवायची, वस्ती वाढवायची. यात हरणं जवळजवळ अशक्य, असं खाली लिहिलेलं होतं. तो ठरला.

यानाला चौदा सीट निघाल्या, हे दुर्दैव.

संध्याकाळी बोसिबोरी शाळेतून आली तरी यान जागेवरच.

"बाबा, अजून सोडलं नाही?"

"पाच जागा रिकाम्या आहेत."

"असू देत की. ते तसंच जातं. तिकडं चंद्रावर लोक बियाण्याची वाट बघतायत."

"बघू देत. नैरोबीचे बघत नव्हते?"

आठवड्यात चंद्रावरची वस्ती ओस पडली. संगीत तेवढं संथच राहिलं. न्याकुंदींना संशय, दुसरा कुणीतरी आपली माणसं पळवतोय. घरच्या यंत्रावर दाब एकशे शहात्तर.

ठरलेल्या शुक्रवारी दोघं दवाखान्याला निघाली. दवाखाना नैरोबीच्या वाटेवर केरोकाला, गाडी बदलायची ती नेमकी स्टँडवर. गाडीत सहाच माणसं होती. न्याकुंदींनी खिडकीतूनच मेव्हण्याला दटावलं, आठ बाकी आहेत, हलवू नकोस. सव्वा तास गाडी उभी राहिली. हॉर्न, आरडाओरडा, उकडलेली अंडी विकणाऱ्यांची खिडकीवर थाप. न्याकुंदी काचेला डोकं टेकून गाढ झोपले.

दवाखान्यात दाब भरला एकशे चौतीस. बाईंनी विचारलं, काय केलंत? बोसिबोरीनं अभिमानानं गेमचं नाव सांगितलं. दाब स्टँडवर उतरला, असं न्याकुंदींनी दोनदा सांगून पाहिलं, तर दोघी हसल्या. कामावर जायची चिठ्ठी राहिली बाजूला, बाईंनी लिहून दिलं: गेम मानवतोय, आणखी दोन महिने तोच. स्टँडवर उभं राहायचं नाही, ओरडायचं नाही, गाडी सोडायची नाही.

परतताना बोसिबोरी स्टँडवरून शाळेला गेली. नैरोबीची गाडी रिकामी होती. रिकाम्या गाडीत पहिलं कुणी बसत नाही, म्हणून स्टँडवाले आपलीच चार माणसं आत बसवतात आणि खरी गिऱ्हाइकं आली की एकेकाला हळूच उतरवतात. मेव्हण्याला आज माणूस मिळत नव्हता.

न्याकुंदींनी चिठ्ठी पुन्हा वाचली. बसण्याबद्दल तीत काही नव्हतं. ते आत चढले आणि लांबच्या प्रवाशासारखे खिडकीशी बसले. त्यांना पाहून दोन बायका बोचकी घेऊन चढल्या.

"कधी सुटणार हो, काका?"

"ही काय, सुटलीच," न्याकुंदी म्हणाले, आणि पाय लांब केले.