इडिओपॅथिक

"असलं लिहिलेला कागद मी घरी नेणार नाही," म्हणत कंडक्टरकाकांनी डिस्चार्जचा कागद रेकॉर्ड रूमच्या खिडकीतून परत आत सरकवला. दोन दिवसांपूर्वी त्यांच्या तोंडाची डावी बाजू लुळी पडली होती. शब्द ओठांच्या कोपऱ्यातून निसटत होते, राग मात्र स्वच्छ ऐकू येत होता.

"काय झालं, काका?" क्लार्कबाईंनी विचारलं.

"तेहतीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली. लोकांचं नको नको ते ऐकून घेतलं. पण डॉक्टरनं मला इडियट लिहावं? त्याच्या गोळ्याही नकोत मला."

"कालपासून हेच चाललंय," शेजारी उभ्या काकू म्हणाल्या.

बाईंनी कागद पाहिला. सव्वीस वर्षं फायली लावताना अडलेल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ त्यांनी कुणा ना कुणाला गाठून विचारला होता. या दुखण्यात गोळ्या पहिल्या तीन दिवसांत सुरू व्हायला हव्यात, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी दोघांना आत बोलावून बसवलं.

"इडिओपॅथिक. मूळ ग्रीक शब्द आहे, काका. इडिओस म्हणजे स्वतःचं, पॅथोस म्हणजे दुखणं. बाहेरचं कारण सापडत नाही, दुखणं आपलं आपणच आलं."

"म्हणजे डॉक्टरला कारण कळलेलं नाही?"

"नाही."

"मग तसं सरळ लिहायचं."

"तसं लिहिलं असतं तर घेतल्या असत्या गोळ्या?"

काकू गालातल्या गालात हसल्या. काका अजून पुरते निवळले नव्हते. "आणि इडियट?"

"तोही त्याच घराण्यातला. आधी त्याचा अर्थ होता, चारचौघांच्या कारभारात न पडणारा, आपल्यापुरतं पाहणारा माणूस. मूर्ख हा अर्थ नंतर चिकटला."

"मग हे इडियट नाहीतच," काकू म्हणाल्या. "अख्ख्या बसच्या घरची भांडणं यांनी मिटवलीत."

काका अर्ध्या तोंडाने हसले. तिथेच पाणी मागून त्यांनी पहिली गोळी घेतली.

दोन महिन्यांनी ते पुन्हा खिडकीशी आले. बाईंनी सवयीने रजिस्टर ओढलं. "कुठला कागद हवाय?"

"कागद नको. तोंड दाखवायला आलोय."

त्या खिडकीशी इतक्या वर्षांत कागदाशिवाय कुणी आलं नव्हतं. बाईंनी खुर्चीवरच्या फायली उचलून जमिनीवर ठेवल्या आणि चहा मागवला. काका कपातला चहा सावकाश, थेंबही न सांडता पीत होते. टेबलावरचा फोन वाजत होता. बाईंनी तो वाजू दिला.