कपाळावरून नाकावर

मी एक जुना तुकडा आहे, कपाळाच्या कातडीचा. कपाळाची कातडी कधी स्वतःची गोष्ट सांगते का, असे तुम्ही म्हणाल. मित्रांनो, सांगण्यासारखे काही घडले नसते तर मीही गप्पच राहिलो असतो. साठ वर्षे मी गप्पच होतो.

सोनाबाई जन्मल्या तेव्हाच मीही जन्मलो. त्यांच्या डाव्या भुवईच्या आतल्या टोकापासून सरळ वर, केस सुरू होतात तिथपर्यंत माझी जागा. रुंदी जेमतेम दोन बोटे. सोनाबाई मोडनिंबच्या. हायवेच्या कडेला त्यांचा पेरूंचा गाडा आहे. त्या डोक्यावर पाटी घेऊन शेतातून गाड्यापर्यंत चालत यायच्या तेव्हा चुंबळीचा काठ माझ्यावर टेकायचा. घाम डोळ्यांत जाण्याआधी मी थोडा अडवायचो. पेरू दाबदाबून बघणारे गिऱ्हाईक आले की माझ्यावर तीन आठ्या पडायच्या. लग्नाआधी त्यांना बघायला आलेल्या बायकांनी माझे कौतुक केले होते, "पोरीचं कपाळ लई मोठं हाय." त्यानंतर माझ्याकडे कुणी खास असे पाहिले नाही. कपाळाकडे कोण बघते? लोक नाकाकडे बघतात.

आणि नाकाचेच बिघडले. मुरणीच्या भोकाशेजारी एक बारीक फोड आला. खपली धरायची, पडायची, पुन्हा ओले व्हायचे. सोनाबाईंना वाटले, मुरणीच बाधली. त्यांनी ती काढली आणि भोकात कडुनिंबाची काडी घातली. हळद लावली, चुना लावला. असे करता करता दोन वर्षे गेली. फोडाची जखम झाली आणि जखमेने नाकाची कड कुरतडली. गिऱ्हाइके पेरूंकडे न बघता नाकाकडे बघू लागली. सोनाबाई पदर नाकावर ओढून बसू लागल्या, आणि एक दिवस गाड्यावर बसायच्याच थांबल्या. नवरा हिंदुराव बसू लागला. तो भला माणूस. पण कुणी भाव पाडून मागितला की "न्या, न्या" म्हणायचा. घरात बसून सोनाबाई तळमळायच्या. त्यांना नाक सुंदर नको होते. गाड्यावर तोंड उघडे ठेवून बसता यावे, एवढेच हवे होते.

सून ऋतुजा टेंभुर्णीच्या पतसंस्थेत काम करते. तिने एक दिवस ऐकलेच नाही, सासूला घेऊन थेट सोलापूरला गेली. तिथल्या डॉक्टर शुभदांनी जखमेचा कणभर तुकडा तपासायला पाठवला. निकाल आल्यावर त्यांनी काही लपवले नाही.

"आजी, हा कॅन्सर आहे. पण या जातीचा सहसा लांब पसरत नाही, जागच्या जागी कुरतडत राहतो. पूर्ण काढला तर बरा होतो. मात्र नाकाची ही बाजू काढावी लागेल. मग तिथे नवी बसवू."

"नवी आननार कुटनं?" सोनाबाईंनी विचारले.

डॉक्टरांनी बोट माझ्यावर ठेवले. "इथून."

मी दचकलो. सोनाबाई माझ्यापेक्षा जास्त दचकल्या. "कपाळ काडनार? मांडीची लावा की. तिला कोन बगतंय?"

डॉक्टर हसल्या. "मांडीची कातडी पूर्ण तोडून लावावी लागते. नव्या जागेतून रक्त मिळेपर्यंत ती उपाशी असते. तुमच्या नाकात टेकू म्हणून आम्ही कानाची कूर्चा, म्हणजे कानातलं मऊ हाड, ठेवणार. तिच्यावर उपाशी कातडी जगत नाही. शिवाय रंगही जुळत नाही. कपाळाची कातडी शेजारची आहे. तिला तीन बाजूंनी सोडवायचं आणि भुवईपाशी अंगाला जोडलेलंच ठेवायचं, रक्तवाहिनीसकट. मग खाली वळवून नाकावर शिवायचं. ती आपला डबा बरोबर घेऊन येते."

"आन कपाळाचं भोक?"

"आजूबाजूची कातडी ओढून शिवू. वर केसांजवळ थोडी जागा उघडी राहील, ती आपोआप भरून येते. फक्त आजपासून मिश्री बंद. तंबाखूनं रक्तवाहिन्या आवळतात."

सोनाबाईंनी घरी जाऊन मिश्रीची डबी उकिरड्यावर फेकली. चाळीस वर्षांची सवय होती. हिंदुरावाला खरे वाटेना.

आधी फोडाची जागा कापून काढली आणि तिच्या कडा साफ असल्याची खात्री करून घेतली. मग माझी पाळी आली. डॉक्टरांनी पेनासारखे एक यंत्र माझ्या पायथ्याशी टेकवले. त्यातून सूं, सूं असा आवाज आला. तो माझ्याच रक्ताचा होता. इतकी वर्षे ते माझ्यातून वाहत होते, आणि मी ते कधी ऐकले नव्हते. मग त्यांनी टाक्याच्या दोऱ्याच्या पाकिटातला चमकता कागद घेतला, नाकावरच्या खड्ड्याच्या मापाने कातरला, उलटा करून माझ्या वरच्या टोकावर ठेवला आणि त्याच्याभोवती शाईची रेघ मारली. माझे केसांजवळचे टोक आता नाकाची कड होणार होते.

जाग आली तेव्हा सोनाबाईंच्या भुवईपासून नाकापर्यंत कातडीचा एक पीळ उतरला होता. तो मीच. वर माझे मूळ, खाली माझे टोक, आणि मधला भाग नाकाला न चिकटता पुलासारखा अधांतरी. ऋतुजाने आरसा धरला. चष्मा नसल्याने सोनाबाईंना धूसर दिसले, तरी पुरेसे दिसले.

"गनपती झाले की मी," त्या म्हणाल्या.

तपासणीत डॉक्टरांनी कापसाची टोकदार वात माझ्या टोकाला लावली. "आजी, कुठं कळतंय?"

"कपाळाला."

"मी नाकाला हात लावलाय."

"मग कपाळाला कसं कळतंय?"

"नस जुनीच आहे ना," डॉक्टर ऋतुजाकडे वळून म्हणाल्या. "हा तुकडा काही सांगेल ते मेंदूला कपाळावरूनच आल्यासारखं वाटणार. अजून काही महिने." मग त्यांनी बजावले: घट्ट फडके बांधायचे नाही, शेकायचे नाही आणि काही आठवड्यांनी टोकाला नाकातून रक्त मिळू लागले की मधला भाग कापायचा, तोपर्यंत चष्मा लावायचा नाही. चष्म्याची नाकावरची दांडी नेमकी माझ्यावर बसेल. हे सांगितले तेव्हा हिंदुराव औषधे आणायला खाली गेला होता.

टाके निघाले, सगळे घरी आले. ऋतुजाची रजा संपली. तिचा नवरा नवनाथ ट्रकवर, तो महिन्यातून दोनदा घरी येतो. ती कामावर गेली त्या दिवशी घरात सोनाबाई आणि हिंदुराव दोघेच होते. गाडा बंद होता. सोनाबाईंना नुसते बसून खाणे जमत नाही. त्यांनी सूप ओढून गहू निवडायला घेतले. चष्म्याशिवाय खडा आणि दाणा एकच दिसत होते.

"घटकाभर लावते," त्या स्वतःशीच म्हणाल्या. चष्मा चढला. दोरी डोक्यामागून गेली. आणि दांडी माझ्या मध्यावर येऊन बसली.

मित्रांनो, आत येणारे रक्त जोराचे असते. ते दाब सोसूनही येत राहिले. पण परत जाणारी वाट मऊ असते, ती बंद झाली. मी फुगू लागलो, ताणला जाऊ लागलो. मी जीव तोडून हाक मारली. हाक पोहोचलीही. पण ती कपाळाच्या पत्त्यावर पोहोचली.

"कपाळ लई ठणकाय लागलंय ओ," सोनाबाई म्हणाल्या.

"जखम हाय, ठणकनारच की," हिंदुराव म्हणाला. तरी त्याला राहवले नाही. त्याने बामाची बाटली शोधली, बायकोचा चष्मा काढला, आणि चांगल्या बाजूच्या कपाळाला हलक्या हाताने बाम चोळला. माझ्यातून रक्त मोकळे वाहू लागले. ठणका उतरला.

"कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय जरा."

"बग. बामानं उतार पडला. आन डोस्कं का दुकलं म्हाईत हाय का? इतकं दीस चष्मा न्हाय. डोळ्यावर तान आला." हिंदुरावाने धोतराच्या सोग्याने काचा पुसल्या. "हे घे, घाल नीट."

"म्याडम नको म्हनली हुती की."

"ते टाकं हुतं तवाचं. आता टाकं काडलं न्हवं?" आणि चष्मा घसरू नये म्हणून त्याने मागच्या दोरीला मायेने एक गाठ मारली.

मी पुन्हा हाक मारली. पुन्हा बाम आला, पण आता चष्मा न काढताच. मी जितका ओरडत होतो, तितका बाम लागत होता. त्या घरात माझ्या वाईटावर कुणीही नव्हते, आणि मी जांभळा पडत चाललो होतो.

दिवस कलताना ऋतुजा आली. चपला काढायच्या आधीच तिचे लक्ष गेले.

"आत्या! चष्मा!"

तिने दोरी सोडवत न बसता ती कातरीने कापली आणि डॉक्टरांना फोन लावून चष्म्याचे, बामाचे सगळे सांगितले. पलीकडून शांत आवाज आला. "फोटो पाठव. आता टोक बोटानं दाबून सोड. रंग परत येतो?"

"लगेच येतो. पण काळपट."

"म्हणजे रक्त आत येतंय, बाहेर जात नाहीये. अजून जिवंत आहे. बर्फ नको, शेक नको, बाम तर नकोच. डोकं उंच ठेवून घेऊन या."

शेजारच्या जीपमध्ये सोनाबाईंना मागे टेकवून बसवले. हिंदुराव पुढे बसला. सोलापूर येईपर्यंत तो एकदाच बोलला, "माज्या हातानं घातला की गं मी."

"आन मी काय तान्ही हुते?" मागून सोनाबाई म्हणाल्या. "घालू दिला मी. गप बसा आता, तोंड पुसा."

डॉक्टरांनी माझ्या टोकाला बारीक सुईने ठिकठिकाणी टोचले. काळे रक्त ठिबकू लागले. त्या पुसत होत्या, थांबत होत्या, पुन्हा टोचत होत्या. सोनाबाईंनी विचारले, "जाईल का ओ म्याडम? गेलं तर पुना कपाळ कुटनं आनायचं?"

"आत्ताच सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. खोटा धीर त्यांनी दिला नाही. बऱ्याच वेळाने एक थेंब लाल आला. मग दुसरा. त्यांनी तो ऋतुजाला दाखवला. "हा रंग बघ."

मी वाचलो, पण सगळा नाही. कडेचा नखाएवढा भाग काळा पडून गळला. ती खाच सोनाबाईंच्या नाकाला आजही आहे. पुढची शस्त्रक्रिया आठवडाभर लांबली. त्या दिवशी डॉक्टरांनी आधी माझे मूळ चिमट्याने आवळून धरले आणि माझ्या टोकाकडे बघत राहिल्या. मी गुलाबीच राहिलो. नाकाने मला आपले रक्त देऊ केले होते. तेव्हा त्यांनी माझा मधला भाग कापला, आणि कपाळाशी माझे नाते संपले.

त्यानंतर कित्येक महिने मी मुका होतो. जुनी नस तुटली होती, नवी आली नव्हती. मला स्पर्श केला तरी सोनाबाईंना तो कुठेच कळत नव्हता. त्यात मी केसांजवळचा, म्हणून नाकावर दोन-तीन केस उगवले. हिंदुराव म्हणाला, "नाकाला मिशा फुटल्या." ऋतुजाने चिमट्याने ते उपटले. सोनाबाईंना काहीच जाणवले नाही. त्या हसल्या, मला मात्र हसू आले नाही.

पण त्या गाड्यावर बसल्या. पदर खांद्यावर ठेवून, तोंड उघडे ठेवून. पहिल्या दिवशी एका बाईने नाकाकडे टक लावून पाहिले. सोनाबाईंनी पाहू दिले. मग म्हणाल्या, "कपाळाचं हाय. तिकडनं हिकडं आनलंय. पेरू किती देऊ?" हिंदुराव आता मागे उभा राहून पेरू पुसतो. भाव सोनाबाई सांगतात, आणि पाडून देत नाहीत.

परवा सकाळची गोष्ट. त्या पेरूंची रास लावत होत्या. पिकल्या फळांवरची एक माशी उडून माझ्यावर बसली. सोनाबाईंचा हात वर आला. तो कपाळाकडे गेला नाही. सरळ माझ्याकडे आला आणि माशी हाकलून गेला. त्या तशाच थांबल्या. मग बोटाने मला हळूच एकदा दाबले, पुन्हा एकदा दाबले.

"आवं," त्या हिंदुरावाला म्हणाल्या, "नाकाला कळलं."

मित्रांनो, आता मी नाक आहे. पूर्वी पदराच्या सावलीत होतो, आता ऊन आधी मलाच लागते, म्हणून सोनाबाई गाड्यावर छत्री लावतात. माझे एवढेच मागणे आहे. जी जखम भरते, उकलते, पुन्हा भरते, पुन्हा उकलते, तिला काडी, चुना आणि वर्षे देऊ नका. लवकर दाखवली असती तर मला कपाळ सोडावे लागले नसते. आणि कुणी अर्धवट शिवलेला चेहरा घेऊन तुमच्यासमोर आला, तर नजर चुकवू नका. मोडनिंबला थांबलात तर माझ्याकडेही सरळ बघा. सोनाबाई विचारतील, "काय बगताय? पेरू हवंत का?" तेव्हा पेरू जरूर घ्या. पण तुमच्या घरात कुणी महिनोन् महिने पदराने काही झाकत असेल, तर पेरू खात बसू नका. तिला घेऊन आधी दवाखान्यात जा.